चिंबोरीसाठी पाळलेली सुतकं

आख्ख्या नवी मुंबईत शिमग्याच्या तोंडावर सर्वांत जास्त माणसं कोणाच्या घरात मरत असतील, तर ती आमच्या घरमालक काकांच्या. आणि त्यातलं खरोखर मेलेलं कोणीच नसतं. बोनकोडे गावात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. खाली काका आणि त्यांची कुत्री, चिंबोरी. पिल्लू असताना एका मोटरसायकलवाल्याने तिचा मागचा पाय निकामी केला, तेव्हापासून ती खेकड्यासारखी तिरकी चालते, म्हणून हे नाव. मी स्वतः प्राण्यांसाठी पत्रकं वाटते. कुत्र्याच्या अंगावर रंग फेकणारा माणूस मला मूर्ख वाटतो आणि ते मी तोंडावर सांगते. अंगावरचा रंग कुत्री चाटतात, तो पोटात जातो, डोळ्यांत गेला तर डोळे सुजतात. दर फाल्गुनात हे किती वेळा छापायचं? लोक पत्रक हसत घेतात आणि त्यावर वडापाव ठेवून खातात. काकांनी मात्र माझं पहिलं पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "झ्याक लिवलंस पोरी. पन कागुद वाचून कुनी थांबला नाय कदी."

वसंत म्हटलं की लोकांना पालवी आठवते, कोकिळा आठवते. काकांना गोचिड्या, डांबर आणि कोयी आठवतात. सकाळी चिंबोरीला मांडीवर उताणी घेऊन ते चिमट्याने एकेक गोचीड काढतात आणि साबणाच्या पाण्यात बुडवताना प्रत्येकीला तिच्या आईवरून काहीतरी ऐकवतात. दुपारी तिला बाहेर न्यायच्या आधी चप्पल काढून स्वतः डांबरावर उभे राहतात, पाय भाजला की उड्या मारत परत येतात, आणि तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून दिवसभर आपणही घरात बसतात. मोसम लागला की एपीएमसी मार्केटमधून आंब्याची पेटी आणून सगळ्या भाडेकरूंना वाटतात आणि संध्याकाळी दारोदार वसुलीला फिरतात. "आंबा तुमचा, कोय माजी." एकदा चिंबोरीने कोय गिळली होती आणि डॉक्टरांना तिचं पोट उघडावं लागलं होतं. कोय हातात पडल्यावरही काका उंबऱ्यावर उभेच राहतात. पंखा आवाज का करतो, गावी कधी जाणार, असलं काहीबाही विचारत. मुलगा नेरुळला टॉवरमध्ये राहतो, पण काका तिकडे जात नाहीत, कारण त्याची सोसायटी लिफ्टमध्ये कुत्रा चढू देत नाही. असा नियम करताच येत नाही, मी भांडायला येते, असं मी हजारदा म्हटलं. ते म्हणतात, राहू दे, तिला उंचावर चक्कर येते.

सुतकांची सुरुवात मात्र खरी होती. काकी गेल्या, त्या वर्षी धुळवडीला गावातली पोरं ढोल घेऊन निघाली आणि रिवाजाप्रमाणे काकांच्या दाराशी गप्प झाली. रंग नाही, ढोल नाही. एरवी त्या दिवशी पलंगाखाली थरथरत मुतणारी चिंबोरी पहिल्यांदाच शांत झोपली. काकांनी ते पाहून ठेवलं. पुढच्या वर्षी दुखवटा मोडायला पाहुणे गुलाल घेऊन आले, तेव्हा काकांनी दारातच सांगितलं की नावडे गावची चुलती गेली, रंग चालायचा नाही. पाहुणे आल्या पावली परतले. दोन वर्षांनी तीच चुलती पुन्हा मेली, आणि नेमकी त्याच सकाळी कालवणाचा डबा घेऊन स्वतः रिक्षातून उतरली. गल्ली तिच्याकडे बघत राहिली. काका शांतपणे म्हणाले, "ही धाकटी. मेली ती थोरली." गावाला काय कळत नव्हतं? पण सुतक खोटं म्हणायला पुढे कोण येणार? माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यांनी जे जमलं नाही, ते त्या बिचाऱ्या चुलतीने जमवलं.

यंदा चिंबोरीला ऐकू येईनासं झालं. कानाशी ताट वाजवलं तरी ती हलत नाही. काकांनी कोणालाच मारलं नाही. धुळवडीला पांढरा सदरा घालून, चिंबोरीला आतल्या खोलीत झोपवून ते दार सताड उघडं टाकून बसले. मी पत्रकं वाटून परतत होते. ढोल गल्लीत शिरला, नाचत जवळ आला, आणि सवयीने त्यांच्या दाराशी थांबला. पोरं मान खाली घालून पुढे गेली. एकाने तर हात जोडले. काका अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले. कोणी मेलं नाही, या, असं ओरडून कसं सांगणार?

"तुज्याकडं रंग हाय का गो?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या पिशवीत रंगाविरुद्धची पत्रकं होती. मी आत गेले. चिंबोरीच्या औषधांच्या फळीवर तिच्या जखमांवर लावायची हळद होती, ती चिमूटभर आणून त्यांच्या कपाळाला लावली, मग गालांना. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. काकींच्या मागून त्या घरात कोणी रंग लावलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ढोल कोपऱ्यापलीकडे पुन्हा सुरू झाला. आतून चिंबोरी उठून तिरकी तिरकी आली आणि त्यांचा हात हुंगू लागली. तिलाही थोडी लावू का, असं मी सहज म्हटलं.

"तिला नको," काका म्हणाले. "नाकात जाईल."