एक डोळा हिरवा

गुलमंडीवरच्या आमच्या चष्मेवाल्या चाचांना घाई म्हणून ठाऊक नाही. लेन्सला बोट लावण्याआधी ते नमाजाआधी वजू करावा तसे कोपरापर्यंत हात धुतात. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक बोलण्याला आधी "बिलकुल" म्हणतात आणि मग स्वतःचंच खरं करतात.

लासूरला भाचीचं लग्न होतं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मला हिरवे डोळे हवे होते. चाचांनी माझ्या सावळ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं आणि तरीही ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच.

"शोभतील ना मला?"

"बिलकुल. पण ते मी कशाला सांगू? लोक सांगतील."

त्यांची रीतच तशी. रंगीत लेन्स विकण्याआधी एकाच डोळ्यात बसवायची आणि गिऱ्हाइकाला समोरच्या टपरीवर चहाला पाठवायचं.

एक डोळा हिरवा, एक काळा, अशा अवतारात मी रस्ता ओलांडला. गरम चहा दोन घोटांत संपवला, जीभ भाजली आणि तशीच परत आले. टपरीवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

"कुणाचंच लक्ष गेलं नाही," मी तणतणले. "तुमचा रंगच फिका आहे."

"बिलकुल." चाचांनी पुन्हा हात धुतले आणि माझ्या डोळ्यातली लेन्स अलगद काढली. "पण मी इथून बघत होतो, ताई. जाताना, येताना, चहा पिताना तुमची मान खालीच. लोकांना दिसला तो तुमचा भांग. तो हिरवा करून देऊ का?"