जाळून टाक, फाडून टाक

कवीमहाशय जाऊन शंभरावर वर्षं झाली होती, तरी त्यांचा पसारा आवरायला पगारी माणसं होती. त्यातली एक मी. कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत, लायब्ररीच्या तळघरात, या व्हिक्टोरियन गृहस्थाचे खोकेच्या खोके होते: बहिणीला लिहिलेली पत्रं, शिंप्याची बिलं, पोटदुखीच्या तक्रारी. दर दुसऱ्या पत्राच्या शेवटी एकच हुकूम, वाचून जाळून टाक. बहिणीनं एकही जाळलं नव्हतं. एरवी भावापुढे ब्र न काढणाऱ्या त्या बाईनं एवढं मात्र ऐकलं नाही. खरं सांगते, मला कवीपेक्षा तीच जास्त आवडायची.

माझं काम फाटलेली पानं जोडायचं. पातळ जपानी कागदाची पट्टी, गव्हाच्या सत्त्वाची खळ, वर टीपकागद आणि वजन. घाई केली की कागद चुरगळतो.

त्याच वर्षी साताऱ्याला बाबा गेले. मला सातवा महिना, आणि व्हिसा वाढवायला दिलेला पासपोर्ट परत आलेला नव्हता. जाताच आलं नाही. भावानं सगळं केलं, मी इथे फोन कानाला लावून बसले.

बाबांना फोनवर बोलणं जमायचंच नाही. ‘बरी आहेस ना’ झालं की रिसीव्हर भावाच्या हातात. मनातलं सगळं पत्रात. त्यामुळे त्यांचं शेवटचं पत्र ते गेल्यानंतर आलं, आणि आलं तेव्हा मी कामावर होते.

घरी सासूबाई होत्या, बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या. आपल्याकडे मयताची चिठ्ठी घरात ठेवत नाहीत, वाचली की फाडतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ती चिठ्ठी कुणी गेल्याची बातमी देणारी असते. सासूबाईंनी नियम परस्पर वाढवला. गेलेल्या माणसाचं पत्र, तेही पोटुशीच्या घरात! न उघडताच फाडलं. तुकडे पिशवीत घालून ठेवले, रविवारी नदीत सोडायला. मी आल्यावर चहा देता देता त्यांनीच हे सांगितलं. वर म्हणाल्या, तुझ्या भल्यासाठीच.

माझं डोकंच फिरलं.

“ते मेलेल्या माणसाचं पत्र नव्हतं, आई. माझ्या बाबांचं होतं.”

नवरा म्हणाला, जाऊ दे ना, आईचा हेतू वाईट नव्हता. हेतू घेऊन काय चाटायचाय? मी पिशवी उचलली आणि उशाशी घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुकडे टेबलावर मांडले. आमच्या विभागाची प्रमुख, पिकल्या केसांची वेल्श बाई, येऊन बघून गेली. मग तिनं खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावरून कवीची पानं उचलली आणि ती जागा मला दिली. जोडताना एकेक ओळ जुळत गेली, तशी मी रडत गेले. अश्रू कागदावर पडू नयेत म्हणून मान मात्र वळवून.

पत्र वाळल्यावर घरी आणलं आणि सासूबाईंसमोर बसून मोठ्यानं वाचलं. त्यांनी नको नको म्हणून पाहिलं, मी थांबले नाही. पावसाचं, भावाच्या मुलांचं झाल्यावर शेवटी बाबांनी लिहिलं होतं: ‘तुझ्या सासूबाई आल्या, फार बरं झालं. तुला आई नाही, ही एकच काळजी मला होती. आता ती मिटली. त्यांना माझा नमस्कार सांग.’

मी पत्र त्यांच्यापुढे धरलं.

“आता फाडायचं तर फाडा.”

त्यांनी हात मागे घेतला.  मग हळूच म्हणाल्या, खणात ठेव, खाली कापड घाल, इथे ओल फार.

मी खणात नाही ठेवलं. देवांच्या शेजारी ठेवलं. ज्याला अशुभ वाटायचं असेल, त्यानं खुशाल वाटून घ्यावं.