चिमीच्या चेलोसाठी केस

माझा मोठा भाऊ घराला कुलूप लावून खाली उतरतो आणि परत वर जाऊन ते ओढून बघतो. ज्या शाळेत तो संगीत शिकवतो तिथे त्याला सगळे 'दोनदा' म्हणतात. त्याला हे ठाऊक आहे आणि त्याचं काही वाटतही नाही. कुलूप लागलेलं असतं ना, एवढंच त्याचं म्हणणं.

दादा स्वतः चेलो वाजवायचा, म्हणजे गुडघ्यांत उभं धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन. डाव्या हाताची बोटं आखडायला लागली तेव्हा त्याने तो लेकीच्या हाती दिला. लेक म्हणजे चिमी. आता ती बापापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वहिनी गेल्यापासून घरात ही दोघंच, आणि वरच्या मजल्यावर मी, अधूनमधून टोकायला.

परदेशातल्या एका मोठ्या संगीतशाळेने चिमीला प्रवेशपरीक्षेला बोलावलं. परीक्षा म्हणजे परीक्षकांसमोर बसून वाजवायचं. चेलोचं वेगळं तिकीट काढून त्याला शेजारच्या खुर्चीत बसवून नेता येतं म्हणे, पण वाटेतलं दुसरं विमान छोटं होतं, तिथे ते जमेना. चेलो सामानात जाणार हे नक्की झालं आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र, परक्या देशात पोरगी केस, म्हणजे चेलोची पेटी, उघडते आणि आत चेलोची मान मोडलेली.

मग केस शोधायला त्याने सगळी दुकानं पालथी घातली. हलकी दाखवली की म्हणायचा, ही दबेल. जड दाखवली की म्हणायचा, ही उचलणारे वैतागून आपटतील. चाकांची दाखवली की चाकं वाकली तर काय, हा प्रश्न तयारच. एक दुकानदार आधी उत्साहाने बोलायचा, मग सबुरीने, शेवटी शेवटी नुसती मान हलवायचा. एक दिवस दादाने मलाही तिथे नेलं आणि केस जमिनीवर आडवी ठेवून म्हणाला, "चढ हिच्यावर."

"मी?"

"तुझं वजन बरं आहे."

सख्खा भाऊ, काय करणार. चढले. झाकण जरासुद्धा दबलं नाही. दुकानदाराने भलतीकडे तोंड फिरवलं.

तरी तेवढ्यावर भागलं नाही. केस घरी आणल्यावर दादाने आत चेलो ठेवला आणि त्याच्या पाठीखाली कागदाची पट्टी सरकवली. पट्टी अडकली तर पाठ तळाला टेकते आहे, आणि केस आदळली की धक्का थेट लाकडाला बसणार. ती सळसळत बाहेर आली तेव्हा कुठे दादा हसला. चिमी मागे उभी होती. "बाबा, मला पण बघू द्या ना एकदा," ती म्हणाली.

"तू सरावाला बस. हे सगळं मी बघतो."

हे त्याचं नेहमीचंच. तिकीट तो बघणार, कागदपत्रं तो बघणार, तिची बॅगसुद्धा तोच भरणार. पोरीने फक्त वाजवायचं. मी म्हटलं, "अरे, घोडी झाली ती आता." तर म्हणाला, "म्हणूनच."

या वाजवणाऱ्यांची एक रीत आहे. विमानात चेलो द्यायच्या आधी त्याच्या तारा किंचित उतरवतात, थंडीने लाकडावर ताण येऊ नये म्हणून. पण किंचितच. चेलोच्या पोटात एक लहानशी लाकडी काठी उभी असते. तिला ना खिळा, ना गोंद. तारांच्या ताणाने वरचं लाकूड दाबलं जातं, त्या दाबावरच ती उभी राहते. तारा फार सैल झाल्या तर काठी पडते, आणि चेलो दिसायला धड पण वाजायला निकामी होतो.

निघायच्या दिवशी चिमी अंघोळीला गेली होती, तेव्हा दादाने केस उघडून तारा किंचित उतरवल्या आणि बंद केली. पोरीच्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून बोलला नाही. विमानतळावर आत तपासणीला केस उघडायला लावली, तेव्हा चिमीला ती रीत आठवली. तार छेडून बघायलाही वेळ नव्हता. तिनेही तारा किंचित उतरवल्या.

पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा मी दादाकडेच होते. केसवर ओरखडासुद्धा नव्हता. चेलोची मान शाबूत, पाठ शाबूत, आणि आत काठी आडवी पडलेली. ती उभी करणाऱ्या कारागिरांची दुकानं सुट्टीमुळे बंद, आणि परीक्षा दुसऱ्याच दिवशी.

"मी तारा जास्त सैल केल्या, बाबा," ती रडत होती. "खरंच थोड्याच केल्या होत्या."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हा आता गप्प बसतो. पण तो म्हणाला, "मीही केल्या होत्या. सकाळी."

मग तिने विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

तिला तिथल्या एकाचा चेलो उसना मिळाला. दुसऱ्याचं वाद्य म्हणजे दुसऱ्याचे बूट, त्यात धावायचं कसं? निकाल येईपर्यंत दादा जेवला काय, न जेवला काय, सारखंच. मी ताट वाढायचे आणि उचलायचे. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

शेवटी फोन आला. "नाही झालं, बाबा. पुढच्या वर्षी परत बसता येईल म्हणतात."

"माझ्यामुळे झालं," दादा म्हणाला. "सगळं माझ्यामुळे. तू काहीच केलं नाहीस. तारांना तू हातच लावला नव्हतास, असं समज."

"लावला होता," चिमी म्हणाली. आता ती रडत नव्हती. "अर्धी चूक माझी आहे. तेवढी तरी माझ्याकडे राहू द्या."

दादा हळूच म्हणाला, "बरं. ठेव."