अण्णांची उमेदवारी

काल टीव्हीवर अमेरिकेतल्या एका पक्षाचं अधिवेशन दाखवत होते. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जाहीर झाला, वरून रंगीत फुगे सुटले, आणि उमेदवारी हुकलेला एक म्हातारा नेता उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचं ते हसू पाहिलं आणि मला अण्णा, माझे वडील, आठवले.

त्या वर्षी आमच्या गावच्या नगराध्यक्षपदाची उमेदवारी अण्णांनाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पक्षाची बैठक आमच्याच ओसरीवर भरली. जिल्ह्याहून आलेले निरीक्षक एकेकाला आत बोलावून हळू आवाजात त्याचं मत विचारत होते. मी चहा देत होते. शेवटी ते बाहेर आले आणि त्यांनी साखर कारखान्याच्या एका तरुण संचालकाचं नाव घेतलं.

अण्णा उठले. कार्यकर्त्यांनी त्यांच्यासाठी आणलेला हार त्यांनी त्या तरुणाच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "चला, उद्यापासून प्रचाराला लागू."

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "जन्मभर पक्षाच्या सतरंज्या उचललात, त्याचं काय?"

"पक्ष आपलाच आहे ना," अण्णा एवढंच म्हणाले.

उमेदवार नेमका कशावरून ठरतो, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी अण्णांबरोबर प्रचाराला गेले. दारादारांत बायाबापड्या त्यांना बोलूही न देता म्हणत, "अण्णा, सांगायला कशाला आलात? मत तुम्हालाच."

आणि अण्णा प्रत्येक दारात थांबून, न चुकता, त्या तरुणाचं नाव सांगत.