हद्दीच्या आत गेलेली वाडी

टेम्पो वाडीतून निघाला तेव्हा आबा मागे कौलांवर बसले होते. आमच्याच घराची कौलं, उतरवून रचलेली. अभयारण्याची हद्द वाढली होती आणि आमची वाडी तिच्या आत गेली होती. कुणी हाकललं नव्हतं, वाडी सोडायच्या कागदांवर सह्या आम्हीच केल्या होत्या. आईला दमा, दवाखाना डोंगर उतरून, आणि गवे नाचणी हाताला लागू देत नव्हते. वळणावर आई म्हणाली, "मागं बघू नगंस, पोरी." मी बघितलं नाही. रडूही आलं नाही. कौलं फुटतील की काय, एवढंच मनात होतं.

वाडीकरांनो, तुमच्यातले काही आजऱ्याकडच्या वसाहतीत गेलात, आम्ही इचलकरंजीजवळ आलो. पुन्हा असं सगळ्यांशी बोलणं झालंच नाही, म्हणून लिहिते.

इथे दारात नळ आहे. आईचा दमा बराच उतरला. मी यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला लागले. शिफ्ट, ओव्हरटाइम, सुपरवायझर हे शब्द तोंडात बसले. तिकडे धुक्यात शेजारचं घर दिसायचं नाही, इथे खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. सवय होते.

आबांना झाली नाही, असं मी धरून चालले होते. पहिल्या उन्हाळ्यात ते न सांगता निघून गेले. वनरक्षकाला वाडीत आमच्या घराच्या उरलेल्या जोत्यावर बसलेले सापडले. त्याने चहा पाजला, एसटीत बसवून दिलं, मला फोन केला. "पावणं काय बोलनात बघा," म्हणाला. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले. जेवले आणि झोपले. वाडीचं नाव त्यानंतर त्यांनी घेतलं नाही, आम्हीही काढलं नाही.

गेल्या वर्षी हद्द आणखी वर सरकवायचं ठरलं. त्यात आत्याची वाडी होती. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. तिचा फोन आला.

"करमतंय का गं तिकडं? खरं सांग."

"दवाखाना जवळ हाय, आत्या."

"म्या ते इचारलं न्हाय."

मी फोन आबांकडे दिला. त्यांनी तो कानाला लावला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला.

तरीही ती आली. तिच्या वाडीनेही सह्या केल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला तिला प्लॉट मिळाला. सामान उतरवून झाल्यावर ती त्या मोकळ्या जागेत नुसती उभी होती. मी चहा नेला, तो तिच्या हातात निवून गेला.

"दादा, दार कुठल्या अंगाला काढू?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत आबा कुणाच्या दारात गेले नव्हते. ते प्लॉटभर फिरले. हात करून म्हणाले, "त्या अंगाला नगं. तिकडं ऊस हाय. पाचट पेटवलं की धूर समदा आत येतोय. हिकडनं काढ, वारं चांगलं लागतंय."

आत्याने मान हलवली. मी आबांकडे बघत राहिले. इथलं वारं त्यांना ठाऊक झालं होतं. कधी, ते कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. आबांनी पायाने मातीत रेघ ओढली आणि म्हणाले, "हितं उंबरा."