अराकूच्या कॉफीबागेत नेलेलं जोंधळ्याचं पोतं

मी कॉफी पीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जोंधळा बघत वाढलेला माणूस मी. आता चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसतो. तिथला माझा दोस्त श्रीनिवास, याच्या घरी तेलुगू बोलतात. घरातले माग केव्हाच विकले, आता हाही माझ्यासारखाच कार्ड पंच करतो. त्याची बहीण पद्माताई विशाखापट्टणमला दिलेली. तिच्याकडून दर वर्षी कॉफीची पुडी यायची, आणि ही कॉफी डोंगरातली एक बाई रासायनिक खताचा कणही न घालता पिकवते, हे श्रीनिवास मला दर वर्षी ऐकवायचा. गेल्या नोव्हेंबरात मी वैतागून म्हणालो, चल, बघूनच येऊ. खताशिवाय पीक येतं कसं, हे मला शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता.

निघायच्या आधी आईला भेटायला मंगळवेढ्याला गेलो. ती म्हणाली, "पावण्याच्या घरी रिकाम्या हातानं जात्यात व्हय? आपला शाळू कुटं बघितलाय त्यांनी." आणि तिनं दहा किलो जोंधळा निवडून, पाखडून पोत्यात भरून दिला. पोतं युरियाचं. आमच्याकडं युरियाचं रिकामं पोतं कुणी टाकत नाही. तीन पाण्यात धुवायचं, उन्हात वाळवायचं, कापून बंद शिवायचे, की वीस वर्षं टिकणारी पिशवी तयार. आईनं दिलेली तर ठेवणीतली होती, नवीकोरी दिसणारी. मी ती खांद्याला अडकवली आणि सोलापूर स्टेशन गाठलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोलापूरहून विशाखापट्टणमला थेट गाडी आहे. एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस जातो. स्लीपरचं तिकीट महिनाभर आधी काढा. डिसेंबरात अराकूला जाणाऱ्यांची झुंबड असते. जेवणाचा डबा घरून न्या, आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, ती दुसऱ्या दुपारपर्यंत पुरली. दोघांचं जाणं, येणं, राहणं, खाणं मिळून माझ्या एका पगाराच्या तिसऱ्या हिश्शात भागलं.

पद्माताईच्या नवऱ्याची नोकरी एका गोदामात. तिथंच माल चढवायला भीमन्ना नावाचा माणूस होता, आणि कॉफीची पुडी यायची ती याच्याच बायकोच्या बागेतली. तिचं नाव चिन्नम्मा. आम्ही वर जाणार म्हटल्यावर भीमन्ना संध्याकाळी मुद्दाम भेटायला आला. सहा वर्षं तो शहरात राहत होता आणि बायको डोंगरात बाग सांभाळत होती. गावातल्या छोट्या बागायतदारांचा एक गट आहे. तो सेंद्रिय म्हणून एकत्र माल विकतो, भावही चांगला मिळतो. पण गटात पुरं नाव लागायला तीन वर्षं बाग नियमानं राखावी लागते. तोवर फळं आठवडी बाजारातल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावात. चिन्नम्माचं हे तिसरं वर्ष. या हंगामात तिचं नाव लागणार होतं आणि फळं पहिल्यांदाच गटाला जाणार होती. भीमन्ना हसत म्हणाला, संक्रांत झाली की मी पण वरच राहणार, ठेकेदाराला सांगून टाकलंय.

सकाळच्या गाडीनं अराकू. उजवीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका. बोगद्यामागून बोगदे, आणि मधूनच खाली खोल दरी. स्टेशनबाहेर बांबूच्या नळीत भाजलेलं चिकन मिळतं, तिखट बेतानंच असतं, सोलापूरकरांनी खिशात चटणीची पुडी ठेवावी. तिथून शेअर जीप, आणि जीप थांबते तिथून पाऊण तास चढण. धुकं इतकं होतं की पुढं चालणाऱ्या श्रीनिवासची नुसती टोपी दिसत होती. मला ती जागा पहिल्यापासूनच उदास वाटली. आमच्याकडं उघडं आभाळ असतं, नजर लांब जाते. इथं झाडांनी आभाळ झाकून टाकलेलं.

चिन्नम्मा पस्तिशीची असेल. बोलणं कमी, हात सतत कामात. जोंधळा बघून मात्र तिचा चेहरा उजळला. मूठभर हातात घेऊन तिनं दाणा दाताखाली फोडला, मग सगळा टोपलीत ओतून घेतला आणि रिकामं पोतं न बघताच घडी घालून माझ्या सामानावर ठेवलं. जेवताना श्रीनिवासमार्फत मी तिला शेती शिकवायला लागलो. ती सांगत होती की बागेत बाहेरचं काही चालत नाही, पालापाचोळा आणि शेणखत तेवढं, शेजारच्या एकाला तर फवारणीचा जुना पंप घरात ठेवला म्हणून वर्षभर गटाबाहेर बसवलं होतं. मी मान डोलवली. बरोबर आहे, शिस्त पाहिजे, असंही म्हणालो. हे म्हणताना माझं पोतं माझ्या हातापासून वीतभर लांब होतं, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोडणी. उंच सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, ओकवर चढलेले मिरीचे वेल. लाल फळ तेवढं तोडायचं, हिरवं ठेवायचं, देठाला धक्का लावायचा नाही. फळ तोंडात धरलं तर गोडसर लागतं. लाल मुंग्या अशा चावतात की कॉफीचा नाद सुटावा. फांद्या फळांनी वाकल्या होत्या. चिन्नम्मा एकेका झाडाजवळ थांबून पानं उलटून बघायची, आजाऱ्याचं अंग बघावं तशी. टोपल्या दोनच होत्या, एक तिच्या कमरेला, एक श्रीनिवासच्या. मी मागं कसा राहीन? घरी जाऊन माझं पोतं घेऊन आलो. ती आणि श्रीनिवास वरच्या टप्प्यावर होते, त्यांना दिसलं नाही. दुपारपर्यंत मी अर्धं पोतं भरलं, आणि खोटं कशाला सांगू, आयुष्यात फार कमी वेळा स्वतःचा इतका अभिमान वाटला होता.

तोडलेली फळं त्याच दिवशी द्यावी लागतात, नाहीतर आंबतात. गावाच्या मधोमध फरशी केलेली आहे, तिथं सगळे आणतात. गटाचा लिहिणारा अप्पाराव तपासून वजन करतो. तो बाहेरचा साहेब नाही, शेजारच्या वस्तीतला, त्याचीही तेवढीच बाग. चिन्नम्मा टोपली घेऊन पुढं गेली होती, रांगेत उभी होती. मी पोतं डोक्यावर घेऊन, सगळ्यांना दिसेल असा, फरशीवर आलो आणि धपकन खाली टाकलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं, पाहुण्यानं एवढं तोडलं म्हणून बघतायत. अप्पाराव उठला, पोतं हातानं सरळ केलं आणि वरची अक्षरं वाचली. मग चिन्नम्माकडं बघितलं. तेव्हा कुठं मला समजलं.

मी श्रीनिवासला म्हणालो, "त्याला सांग, पोतं माझं हाय. सोलापूरवरनं आणलंय. आईनं तीन पाण्यात धुतलंय." त्यानं सांगितलं, परत परत सांगितलं. अप्पारावनं सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं असं, की मी विश्वास ठेवतो, पण पाहुण्याचं पोतं आहे असं तर पकडलेला प्रत्येक जण म्हणतो. पोतं तिच्या बागेत फिरलं, तिच्या फळांनी भरलं. लिहिलं तर तिची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. न लिहावं, तर वरून तपासणीला येणाऱ्यांना एवढ्या जणांनी बघितलेली गोष्ट कळायला वेळ लागणार नाही, आणि मग सगळं गावच बाहेर. हे सांगताना तो वही उघडत होता आणि मिटत होता.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली की पोतं जाळून टाका, आम्ही काही बघितलं नाही. दोघातिघांनी माना हलवल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात चिन्नम्मा हळू आवाजात काहीतरी बोलली. मी श्रीनिवासला विचारलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, "ती म्हणतीय, लिही. आज माझं झाकलंस तर उद्या दुसऱ्याचं झाकशील. मग आपली कॉफी घेणार कोण?"

अप्पारावनं लिहिलं. तिनं अंगठा नाही, सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. मग टोपली उचलून घरी गेली आणि तिची फळं अंगणात चटईवर पसरायला लागली, बाजाराच्या व्यापाऱ्यासाठी. मी मदतीला वाकलो तर तिनं हातानंच नको म्हटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. रात्री तिनं आमच्याच जोंधळ्याच्या भाकरी थापल्या, तिथल्या पद्धतीनं जाडजूड. मी अर्धीच खाल्ली.

सकाळी निघताना तिनं एकच काम सांगितलं. भीमन्नाला हे तुम्ही समोर बसून सांगा. फोनवर ऐकलं तर तो तसाच गाडीत बसून वर येईल, आणि हातचं कामही जाईल. म्हणावं, काम सोडू नको.

त्याच दिवशी आम्ही खाली उतरलो. वाटेत गुहा आहेत, म्हणे फार सुंदर, लोक मुद्दाम उतरतात. आम्ही उतरलो नाही, त्यामुळं त्यांच्याबद्दल मला विचारू नका.

भीमन्ना गोदामाच्या दारात पोत्यांवर बसला होता. आम्हाला बघून उठला, चहा सांगितला. श्रीनिवासनं सगळं सांगितलं, काम सोडू नको हा निरोपही. भीमन्ना परत पोत्यांवर बसला. मग त्यानं विचारलं, फळ कसं होतं? मी म्हणालो, चांगलं, फांद्या वाकल्या होत्या. माझ्याकडं बघून त्यानं काहीतरी विचारलं, ते श्रीनिवासनं मला सांगितलं, "तुमच्याकडं समदे असल्याच पोत्यातनं नेत्यात का, इचारतोय." मी व्हय म्हणालो. भीमन्ना म्हणाला, आमचा बापही न्यायचा, तेव्हा कुणी काही म्हणत नव्हतं. चहाचे पैसे त्यानं आम्हाला देऊ दिले नाहीत. ठेकेदार घरी जायच्या आत त्याला गाठायला हवं, म्हणून तो आत गेला.

सोलापूरला परतल्यावर आईनं विचारलं, शाळू आवडला का त्यांना. आवडला म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं. पुढचं तिला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. गटाला मी पत्र लिहिलं, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहून सही केली, श्रीनिवासनं तेलुगूत उतरवलं. पत्र फायलीला लावलंय, नियम तोच राहील, असं उत्तर आलं. ते बरोबरच आहे, आणि तेच मला जास्त लागतं. मला चूक नडली असती तर चाललं असतं, ती नडली भलत्यालाच. तुम्ही अशा कुठल्या बागेत जाणार असाल तर नवी कापडी पिशवी न्या, आणि तिथं पोचल्यावर विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका, मदतीलासुद्धा. गावाचं नाव आणि फोन मात्र मी देणार नाही. उगाच विचारू नका.

पद्माताईनं परवा कळवलं, की त्या गावात आता बाहेरून कुणी आलं की आधी शाळेच्या ओट्यावर त्याच्या पिशव्या उघडून बघतात. हे काम कुणाला नको होतं, पाहुण्याचं सामान उचकायचं म्हणजे लाजिरवाणं. म्हणून चिन्नम्माच करते. भीमन्ना संक्रांतीला दोन दिवसांसाठी वर गेला होता. त्याचीही पिशवी तिनंच उघडली.