सव्वा मूठ गहू

त्या श्रावणात मी आमच्या खानदेशच्या देवीवर, कानबाईवर, रुसले होते, हे आधीच कबूल करते. रुसले म्हणजे अगदी बोलणं बंद. देवघरात दिवा लावायचे, पण मान वर करून बघायचे नाही. तेहतीस वर्षं तिच्या नैवेद्याचे रोट केले, एकदाही खंड पडू दिला नाही, आणि त्याचं फळ तिने काय दिलं? तर ज्येष्ठातल्या एका सकाळी दात घासता घासता यांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. बोलणं आठ दिवसांत परत आलं, पाय महिनाभरात घरातल्या घरात चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवलेलाच राहायचा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हाताला रोज व्यायाम हवा, आणि तो आत्ताच हवा. सुरुवातीचे महिने वाया घालवले तर बोटं आखडतील आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची, तिने दाबायला मऊ चेंडू दिला होता. यांनी तो दोन दिवस दाबून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने पलंगाखाली ढकलून दिला. चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. यांचं फळ्यावरचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातली पोरं दारात यायची, असं सगळं धुळं सांगतं. त्या हाताला आता पोरासोरांचा चेंडू दाबता येत नाही, याची लाज त्यांना दुखण्यापेक्षा जास्त होती.

आणि मी काय करत होते? सगळं. घास मी भरवायचे, बटणं मी लावायचे, चष्मा मी पुसायचे. ते डावा हात पुढे करायच्या आत माझा हात पोचलेला असायचा. ती मुलगी म्हणायची, "काकू, त्यांचं त्यांना थोडं करू द्या." मी म्हणायचे, "तू तुझं काम कर बाई, माझं मला करू दे." माझा स्वभावच तसा, माझ्याशिवाय घरातलं पान हलत नाही याचा मला मोठा अभिमान. सेवा करतेय या नादात मी त्यांना आणखी पांगळं करत होते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

आमच्याकडे कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. तिच्या रोटांचे गहू मापाने घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्या उजव्या हाताने सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे, तेच दळायचे आणि त्याचेच रोट करायचे. ते खायचे फक्त भाऊबंदांनी, तुकडाही घराबाहेर जाता कामा नये. माझ्या सासूबाई, आमच्या अक्का, ऐंशीच्या पुढच्या. दोंडाईचाजवळच्या खेड्यात सगळा जन्म गेला, आता आमच्याजवळ असतात. त्या या नियमाच्या इतक्या पक्क्या की, पोटच्या लेकीलासुद्धा तिचं लग्न झाल्यावर त्यांनी रोटाचा घास दिला नव्हता.

आता ज्यांची मूठच वळत नाही त्यांचे गहू घ्यायचे कसे? मी जळगावला मुलाला फोन करून सांगून टाकलं की यंदा रोट नाहीत. अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, कळू दे त्या कानबाईलाही.

गुरुवारी सकाळी सलीमभाई दारात उभे. कोपऱ्यावरची पिठाची चक्की त्यांची, त्याआधी त्यांच्या वडिलांची. कानबाईचं दळण असलं की ते चक्की उघडून झाडतात, पुसतात, चक्कीच्या तोंडाला नवं कापड बांधतात आणि मगच आमचे गहू घेतात. हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

"भाभी, चक्की झाडून-पुसून ठेवली. तुमचं दळण झाल्याशिवाय दुसरं घेत नाही. कधी आणता?"

मी सांगितलं, "यंदा नाही सलीमभाई. सरांची मूठ वळत नाही."

हे तिथेच खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान फिरवली. सलीमभाई चपला काढून आत आले आणि यांच्यासमोर खाली जमिनीवरच बसले. म्हणाले, "सर, तुमच्या मुलाची पहिली मूठ आठवते? महिन्याचं पोर होतं. तुम्ही त्याचा हात परातीत धरला, अकरा दाणे आले. तुम्हीच चक्कीवर येऊन हसत सांगितलं होतं. अब्बांनी त्या अकरा दाण्यांना कमी म्हटलं का? तुमच्या हातात दोन येऊ द्या. मी दोनावर चक्की लावतो."

एवढं बोलून ते उठले. जाताना मला म्हणाले, "उद्या जुम्मा आहे भाभी. नमाजाच्या आधी आणा म्हणजे झालं." मी चहा विचारायचं विसरले, याची रुखरुख मला अजून आहे.

शुक्रवारी सकाळी आंघोळ झाल्यावर यांनी स्वतःहून सांगितलं, "परात आण." दीड महिन्यात त्यांनी स्वतः मागितलेली ही पहिली गोष्ट. मी गहू आणि परात समोर ठेवली. अक्का काठी टेकत येऊन पाटावर बसल्या. यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून गव्हात सोडला. बोटं थोडी हलली. हात वर आला तेव्हा तळव्याला चार दाणे चिकटलेले होते, त्यातले तीन वाटेत पडले. परातीत एक पडला. मला ते बघवेना. मी त्यांचं मनगट धरायला पुढे झाले, तशी अक्कांनी काठी आडवी घातली.

"तू हात नको लावू. त्याले करू दे."

मी मागे बसले. आयुष्यात याहून कठीण काम मी केलेलं नाही. पोराच्या बाळंतपणातसुद्धा इतका घाम आला नव्हता. पुन्हा हात गव्हात, पुन्हा दोन दाणे, पुन्हा सांडलेले. दहा-बारा दाणे झाले तेव्हा मी म्हटलं, "पुरे आता, सलीमभाई एवढ्यावर दळतील." त्यांनी मान हलवली. "एवढी पोराची झाली. माझी व्हायचीय." कपाळावरून घाम गळत होता, ओठ दाबून धरले होते. वर्गात एखादं गणित फळ्यावर अडलं की हे असेच उभे राहायचे म्हणे. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. आणि तिथेच, किती आठवड्यांनी, मी देवघराकडे मान वर करून पाहिलं. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हटलं, बाई, मला काही जमत नाही गं, तूच बघ आता.

साडेआठला बसलेले हे साडेअकराला थांबले. शेवटी शेवटी करंगळी आणि शेजारचं बोट खरंच वळत होतं, दाणे तळव्यात राहत होते. अक्कांनी परातीतला ढीग चाचपला आणि म्हणाल्या, "झायी सव्वा मूठ." हे खुर्चीला टेकून लहान मुलासारखे रडले, मीही रडले. अक्का मात्र मला ओरडल्या की रडत बसू नको, चक्की बंद होईल.

सलीमभाई धुवट कुर्ता घालून, डोक्यावर टोपी चढवून चक्कीच्या दारात वाट बघत होते. परातीत डोकावून एवढंच बोलले, "दोन म्हटलं होतं मी. सर ऐकतात का कुणाचं." दळण करून दिलं आणि घाईघाईने मशिदीकडे गेले.

रविवारी कानबाई बसली. मी पुन्हा फोन केला, तसे जळगावहून मुलगा, सून, नातू आदल्या दिवशीच आले होते. मुलाच्या आणि नातवाच्याही मुठी पडल्या होत्या, त्या वेगळ्या दळून घेतल्या. यांनी रोटाचा पहिला घास उजव्या हाताने तोंडापर्यंत नेला. निम्मा सांडला. कुणी पुढे झालं नाही, मीसुद्धा नाही. आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने घास खाल्ला यासाठी देवाचे आभार मानायचे असतात, हे तेहतीस वर्षं रोज त्यांना जेवताना बघूनही मला सुचलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर माझा जीव एकाच गोष्टीत अडकला. भीत भीत अक्कांना विचारलं, "सलीमभाईंना नुसती खीर देऊ ना? रोट तर देता यायचा नाही." अक्कांनी दातांच्या फटीतला कण जिभेने काढला आणि म्हणाल्या, "ज्याले आपला घरनी काळजी, तो भाऊबंदच शे. रोट दे त्याले."

मी अख्खा रोट नेऊन दिला. सलीमभाईंना आमचा नियम माहीत होता, त्यांनी दोनदा विचारलं, "अक्का म्हणाल्या?" मग हात धुऊन, तिथेच पोत्यावर बसून, एक कणही न सांडता तो खाल्ला.

हे देवीने केलं की गव्हाने, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ती व्यायामाची मुलगी म्हणते की चेंडूपेक्षा गहू बरे, आणि आता रोज सकाळी परात मांडलेली असते. हात पूर्वीसारखा झालेला नाही, कदाचित होणारही नाही. शर्टाच्या एका बटणाला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी अंगणात जाऊन तुळशीपाशी उभी राहते आणि कानबाईशी बोलते, कारण आमचं बोलणं आता पुन्हा सुरू झालंय. जे माझ्या हातात नाही ते सोडून द्यायला मी शिकतेय, आणि खरं सांगायचं तर ते अजून रोजच शिकावं लागतं.

श्रावण पुन्हा जवळ आलाय. अक्कांनी आतापासूनच सांगून ठेवलंय, यंदा परात घेऊन आधी चक्कीवर जायचं आणि सलीमभाईंची सव्वा मूठ घेऊन यायची.